पाच चौकोनांतला इंग्रजी शब्द

यंदाच्या पावसाळ्यात हर्णैच्या आमच्या घराच्या पडवीत रोज संध्याकाळी सात-आठ मुले जमतात आणि आम्ही पाटीवर पाच चौकोन आखून इंग्रजी शब्द शोधतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून मोबाइलवरचा वर्डल आम्ही खडू-पाटीवर आणला. एकाने पाच अक्षरांचा शब्द मनात धरायचा आणि इतरांनी तो सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर योग्य जागी असेल तर त्याभोवती गोल काढायचा, अक्षर शब्दात असून जागा चुकली असेल तर त्याखाली रेघ मारायची आणि शब्दात नसेलच तर फुली. जॉश वॉर्डल या अभियंत्याने हा खेळ २०२१ मध्ये लोकांपुढे आणला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या घरात जातात. त्यांतले ओळखीचे सुमारे अडीच हजार शब्द वॉर्डल यांच्या जोडीदार पलक शाह यांनी निवडून दिले होते.

मराठी माध्यमाच्या मुलाला या खेळात पहिली अडचण येते ती ‘अक्षर’ या शब्दाचीच. आपल्या ‘काजू’त दोन अक्षरे आहेत, पण फोड केली तर वर्ण चार निघतात, इंग्रजीत मात्र प्रत्येक स्वर आणि प्रत्येक व्यंजन आपापली जागा वेगळी अडवून बसते. शिवाय आपण कानाने लिहितो. ए, एन आणि डब्ल्यू ही तीन अक्षरे असलेला शब्द शोधायचा होता, तेव्हा बाकीची मुले ‘वॉन्ट’पाशी अडली होती, कारण त्यात चारच अक्षरे भरतात. ज्याची आई कोळंबी सोलायला जाते त्या मुलाने ‘प्रॉन’ असे उत्तर दिले. शब्द अचूक होता, पण पाटीवर त्याने पी, आर, ओ, एन लिहिले आणि एक चौकोन रिकामा राहिला. मी एडब्ल्यू लिहून दाखवल्यावर तो म्हणाला, “बाई, पण यात व ऐकूच येत नाही.” त्याचे निरीक्षण अगदी खरे आहे. डब्ल्यू येथे व्यंजन म्हणून बसलेला नाही, तो शेजारच्या ए-ला धरून ‘ऑ’ हा स्वर घडवतो. एवढे कळल्यावर त्याच मुलाने ‘ड्रॉन’ लिहिला आणि मग लॉ, सॉ, रॉ असे छोटे शब्दही पाटीच्या कडेला मांडले. अमुक अक्षर असलेला शब्द आठवत बसण्यापेक्षा ते अक्षर कोणाच्या शेजारी बसते, शब्दाच्या आरंभी बसते की अखेरीस, हे विचारले तर शब्द आपोआप समोर येतात, असा माझा अनुभव आहे. म्हणूनच तयार याद्या मी मुलांना खेळ संपल्यावरच दाखवते. आधी दाखवल्या तर ही शेजाराची ओळख कधीच होत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ आम्ही घालवला तो आय-जी-एच-टी या शेपटीवर. शेवटचे चारही चौकोन बरोबर आले, की मुलांना जिंकल्यासारखे वाटते, पण खरी कोंडी तेथेच असते. लाइट, नाइट, राइट, फाइट, माइट, साइट, टाइट आणि एट असे आठ नेहमीचे शब्द त्या एकाच शेपटीचे आहेत. एकेक शब्द लिहून पाहिला तर प्रयत्न संपतात. अशा वेळी जिंकण्याची घाई सोडून ‘फिल्म्स’ हा शब्द लिहावा. त्यात एफ, एल, एम आणि एस या चार अक्षरांची एकाच वेळी परीक्षा होते. चारही फुल्या आल्या तर विज्ञानाच्या पुस्तकातला ‘इनर्ट’ लिहावा. त्याने एन, ई आणि आर तपासून होतात आणि काहीच लागले नाही तर ‘टाइट’ उरतो. म्हणजे आठांपैकी कोणताही शब्द असला तरी तिसऱ्या प्रयत्नात तो सापडतोच. ही युक्ती एका सहावीतल्या मुलीला पूर्ण पटली नाही तेव्हा तिने आठही शब्द धरून ती स्वतः पडताळून पाहिली, आणि मला त्याचा फार आनंद झाला. यातल्या जी-एचचा उच्चार पूर्वी घशातून ‘ख’च्या जवळपास होत असे. तो इंग्रजीने टाकला, पण रात्रीला जर्मन भाषक अजूनही ‘नाख्ट’ म्हणतात. संस्कृत ‘नक्त’, ज्यावरून आपल्याकडे ‘नक्तंचर’ आला, तोही याच कुळातला आहे.

पहिला शब्द कोणता घ्यावा, या प्रश्नावर मला माझे वडील आठवतात. ते तार ऑफिसात होते आणि ‘कडकट्ट’, म्हणजे तारेची मोर्स लिपी, शिकवताना प्रथम सांगत, की ई म्हणजे एक टिंब आणि टी म्हणजे एक रेघ. जे अक्षर जास्त लागते त्याची खूण आखूड ठेवलेली आहे. स्क्रॅबलच्या शंभर सोंगट्यांतही ई बारा आहेत आणि क्यू एकच, दहा गुणांचा. मात्र वडिलांचा हिशेब या खेळाला जसाच्या तसा लागू होत नाही. धावत्या मजकुरात ‘द’, ‘दॅट’, ‘धिस’ हे शब्द पावलोपावली येतात, त्यामुळे टी आणि एच वर चढतात. वर्डलच्या त्या ओळखीच्या शब्दांची नुसती यादी घेतली तर ई-नंतर ए आणि आर येतात. आरंभी सर्वांत जास्त वेळा एस असतो आणि अखेरीस ई किंवा वाय. स्वर सापडत नसतील तर वायकडे पाहावे, कारण क्रिप्ट, निम्फ, पिग्मी या शब्दांत स्वराचे काम तोच करतो.

गेल्या आठवड्यात मी मुलांना आपल्या आगरातले पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधायला सांगितले. कोकोनट सात अक्षरांचा असल्यामुळे बसला नाही, काथ्यासाठीचा कॉयर चारांतच संपला. शेवटी पाटीवर चार शब्द राहिले: आंब्यासाठी मँगो, सुपारीसाठी अरेका, विड्याच्या पानासाठी बीटल आणि सुक्या खोबऱ्यासाठी कोप्रा. बीटलचे स्पेलिंग किड्याच्या बीटलपेक्षा वेगळे आहे, यावर थोडा वेळ गेला. हे चारही शब्द मुळात मल्याळमकडून, पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत गेले आहेत, असे मी सांगितले, तेव्हा मघाची सहावीतली मुलगी ‘कोप्रा’ आणि ‘खोबरे’ हे दोन शब्द पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणून पाहू लागली.