राखेचा भराव आणि एका रात्रीचा पाऊस

जूनमधला पहिला जोराचा पाऊस रात्रीतून होऊन गेला. सकाळी दक्षिण सोलापुरातल्या रस्त्याच्या, औष्णिक वीज केंद्राच्या राखेनं केलेल्या भरावावर पोचलो, तर उतारावर हातभर खोल घळी पडलेल्या. राख खालच्या विहिरीत उतरलेली, पाण्यावर करडी साय. विहिरीचा शेतकरी काठावर उभा होता. "सायब, हे पाणी जनावरांना पाजायचं का न्हाई, तेवढं सांगा."

नको म्हणालो. पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारी पीएच पट्टी साडेआठच्या वर जात होती, पण राखेतून पाण्यात उतरणारे आर्सेनिक, सेलेनियम, क्रोमियमसारखे घातक धातू पट्टीवर दिसत नाहीत. धातूंसाठी वेगळी बाटली भरली, त्यात पीएच २ च्या खाली जाईल इतकं नायट्रिक आम्ल. ते घातलं नाही तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि पाणी शुद्ध नसतानाही शुद्ध ठरतं. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, एवढ्याशा चुकीनंही निकाल फिरतो.

औष्णिक केंद्राची राख भरावाला चालते. आपल्या काळ्या मातीसारखी ती फुगत नाही, वजनालाही हलकी. पण तिला चिकटपणा अजिबात नाही. म्हणूनच बाजूंना १ ते ३ मीटर जाडीचं मातीचं आवरण लागतं, आणि ते राखेच्या प्रत्येक थरासोबतच वर यावं लागतं. इथं ठेकेदारानं दीड मीटर राख उघडी चढवली होती, माती "मागनं टाकू" म्हणून. उघड्या राखेवर पावसाळ्यातली एक रात्रसुद्धा काढू नये.

घळीत हात घातला. वरची चार बोटं ओली, आत पिठासारखी कोरडी, मुठीत धरली तरी गोळा होईना. म्हणजे दबाईही कोरडीच झालेली. या राखेला दबाईसाठी २४ टक्के ओलावा हवा होता. दहा टक्क्यांवर आलेल्या २० टनांच्या एका हायवा डंपरला त्यासाठी सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागतं. टँकर एवढं मारत नव्हता. मे महिन्यात रोलरमागे धूळ उठायची ती यामुळेच. त्या धुळीत बारीक सिलिका असते आणि रोलरवाला तोंडाला नुसता रुमाल बांधून दिवसभर ती ओढायचा. रुमालानं ती अडत नाही.

काम थांबवलं. सैल राख काढून ओलवून पुन्हा थर, घनता प्रॉक्टर चाचणीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या दबाईच्या चाचणीत, मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के भरेपर्यंत पुढचा थर नाही, बाजूची माती सोबतच. पायथ्याला मातीचा बांध घातला. पाण्याचा अहवाल येईपर्यंत शेतकऱ्याच्या हौदात रोज एक टँकर चांगलं पाणी, ठेकेदाराच्या खर्चानं. पहिला टँकर दुपारी बारापूर्वी रिकामा करून घेतला.