तुम्ही विचारलंत म्हणून: ज्यांना घर आहे त्यांना नाताळच्या पंगतीला कशाला बोलावता?

डिसेंबर लागला की हा प्रश्न येतोच. कधी फोनवर, कधी चर्चमधली रविवारची उपासना सुटल्यावर, कधी ज्यांच्याकडे आम्ही ज्वारीचं पीठ नाहीतर तांदूळ मागायला जातो त्यांच्याकडून. की ताई, स्टेशनवरच्या, एसटी स्टँडवरच्या लोकांना २५ डिसेंबरला जेवायला घालता ते चांगलंच आहे, पण त्याच पंगतीत ते रिटायर्ड काका बसलेले दिसले, त्यांचं तर विजापूर रोडला स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे, पोरगा अमेरिकेत आहे, मग आम्ही दिलेल्या पैशातनं त्यांना कशाला? विचारणारे वाईट मनानं विचारत नाहीत. पैसे देणाऱ्याला हिशोब मागायचा हक्क आहे, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी सोलापूरचं सांगते. इथं भुकेल्या माणसाला कुठंच घास मिळत नाही असं नाही. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा असते, श्रावण असतो, उरूस असतात, वर्षभर कुणाची ना कुणाची जयंती असते, आणि प्रत्येक ठिकाणी पातेलं चढतंच. मसालेभात, खिचडी, शिरा. २०२० साली दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा आमच्या ओळखीच्या बऱ्याच जणांना तिचा आधार झाला. पण हे सगळं रांगेतलं जेवण आहे, द्रोण हातात आला की पुढं सरकायचं, मागचा माणूस थांबलेला असतो. तुझं नाव काय, गाव कुठलं, अजून थोडा भात घेतोस का, हे विचारायला तिथं कुणाला वेळ नसतो, त्यात त्यांचा दोष नाही, हजार माणसं असतात. फूटपाथवर झोपणाऱ्या माणसाला पातेल्यातलं काहीतरी मिळून जातं पण आपल्या शेजारी बसून कुणीतरी जेवतंय हे मात्र वर्षानुवर्षं मिळत नाही.

आता दुसरी बाजू. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि तेव्हापासून शिकलेलं पोरगं सोलापुरात टिकत नाही. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलेली पोरं आधी दर शनिवारी येतात, मग दिवाळीला, मग नुसता व्हिडिओ कॉल. मागं दोघं राहतात आणि दोघांतलं एक गेलं की उरलेला माणूस स्वतःपुरतं करून खायचं सोडून देतो. एका भाकरीसाठी कुठं तवा तापवायचा, म्हणून सकाळी चहा-खारी, दुपारी कालचा भात आणि रात्री दुधात काहीतरी. बँकेत पैसे आहेत, फ्रीज आहे, गॅस आहे, आणि माणूस वाळत चाललाय. मी ३१ वर्षं बँकेच्या काउंटरला होते, नोव्हेंबरमध्ये पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला यायचे तेव्हा हे डोळ्यांनी बघितलंय, सही पाच मिनिटांची आणि माणूस दीड तास बाकावर बसून राहायचा, घरी जाऊन करायचं काय. आता हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. गुडघे दुखणाऱ्यांची सोय झाली हे खरंच, पण काही जणांचं वर्षातलं तेवढं बाहेर पडणंसुद्धा गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली एकटेपणा हा आरोग्याचा प्रश्न धरून त्यावर वेगळा आयोग नेमला. आम्हाला ते तेव्हा पेपरमधून कळलं, पण गल्लीतल्या मेडिकलवाल्याला आधीपासून माहीत असतं की कोण गोळ्या घ्यायला येतं आणि अर्धा तास बोलत उभं राहतं. आमची निम्मी यादी मेडिकलवाले आणि दूधवाले यांच्याकडनंच होते.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्याच एका ज्येष्ठांनी मला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या चौदाव्या अध्यायाची आठवण करून दिली होती. तिथं प्रभू येशू म्हणतो की मेजवानी केलीस तर मित्रांना, नातेवाइकांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव. मग हे बंगलेवाले कशात बसतात? मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटला, मी तो अध्याय परत काढून वाचला. श्रीमंत शेजाऱ्याला का बोलावू नको, तर तो उलट तुला जेवायला बोलावेल आणि फिटंफाट होईल म्हणून. मग ज्या काकांच्या घरात दोन वर्षांत कुणासाठी चूल पेटली नाही ते आम्हाला उलट कुठनं बोलावणार? परतफेड करता न येणाऱ्यांत मी त्यांना धरते.

आणि हे आम्ही काही नवीन काढलेलं नाही. रोममध्ये सान्त एजिदिओ म्हणून ख्रिस्ती लोकांचा एक समुदाय आहे, त्यांनी १९८२ च्या नाताळात सांता मारिया इन त्रास्तेवेरे या जुन्या चर्चच्या आतच टेबलं मांडून जेवण घातलं. पाहुणे साधारण वीस होते, त्यात वस्तीतली एकटी राहिलेली म्हातारी माणसं होती आणि रस्त्यावर राहणारे ओळखीचे लोकही होते, एकाच टेबलाला. आज जगभर कितीतरी शहरांत ते जेवण होतं, पण पहिल्या दिवसापासून दोन्ही प्रकारची माणसं एकत्र, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता एकत्र बसवल्यानं काय होतं ते सांगते. मागच्या नाताळात एक दाढीवाले बाबा आले होते, स्टेशनच्या बाहेर झोपतात, तेलुगू बोलतात, मराठी जेमतेम. पोरांनी त्यांच्या पानात गरम भाकरी वाढली, रस्सा वाढला, दोनदा विचारून गेली काय पाहिजे, बाबा मान हलवायचे आणि भाकरी तशीच. वाढणाऱ्याला वरनं फक्त पान दिसतं. शेजारी आमचे एक निवृत्त काका बसले होते, वय ऐंशीच्या पुढं, स्वतःची कवळी खिशात काढून ठेवलेली. त्यांनी बाजूला बघितलं, या माणसाला पुढचे दात नाहीत आणि एका बाजूनं गाल सुजलाय हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. काही न बोलता त्यांनी स्वतःची भाकरी बोटांनी बारीक कुस्करली, अळणी रस्सा ओतला, चांगलं भिजू दिलं, आणि बाबांना खुणेनं दाखवलं, असं करा. बाबांनी तसंच केलं, आणि मग दोन भाकऱ्या खाल्ल्या. जेवण झाल्यावर त्याच काकांनी आमच्यातल्या एकाला गाठून सांगितलं की उद्या यांना सिव्हिलला दाताच्या डॉक्टरकडे न्या, मी येतो बरोबर. हे काका आधी यायलाच तयार नव्हते हो. “मला कशाला बोलवालाव, माझं पोट भरतंय की,” असं दारातच म्हणाले होते.

म्हणून आम्ही घर असलेल्यांना “जेवायला या” असं कधी म्हणतच नाही, ते येणार नाहीत, लाज वाटते. आम्ही म्हणतो दुपारी तीनला या, लसूण सोलायचाय, शेंगाचटणी कुटायचीय, आणि संध्याकाळी पंगतीत दर तिसऱ्या पानाला आमचा एक माणूस बसलेला पाहिजे. हे खोटं निमंत्रण नाही, खरंच लागतात ही माणसं. अशोक चौकाकडच्या एका आजी शंभर माणसांच्या भाकरीचं पीठ डोळ्याच्या अंदाजानं काढतात, आमच्यात दुसऱ्या कुणाला ते जमत नाही.

मेनूवरनं दरवर्षी वाद होतो. काही जण म्हणतात शाकाहारी ठेवा, सगळ्यांना चालतं, स्वस्तात होतं. माझं मत ठाम आहे की नाताळ आहे तर मटण झालंच पाहिजे, वर्षभर खिचडी खाल्लेल्या माणसाला सणाच्या दिवशी पण खिचडी द्यायची नाही. मग मटण हलालच आणतो, रस्सा एक तिखट आणि एक अळणी, आणि जे खात नाहीत त्यांना भरली वांगी, वेगळ्या चुलीवर, वेगळी पळी, वेगळे वाढपी, पण पंगत एकच. गोडाला खपलीची हुग्गी, घराघरातनं आलेल्या करंज्या आणि केकचा तुकडा. साखरेचा त्रास असलेल्यांना शेजारचा माणूस हळूच विचारतो.

बेघर माणसं बोलावली आणि आली नाहीत असं कुणाकुणाचं होतं, त्याचं कारण बहुतेक वेळ आणि सामान हे असतं. रात्री नऊनंतर स्टेशनजवळची झोपायची जागा दुसरा कुणी धरतो, म्हणून आमची पंगत साडेसहाला बसते आणि आठच्या आत उठते. आणि बोचकं कुणाच्या ताब्यात द्यायला सांगायचं नाही, टोकन वगैरे तर अजिबात नाही, भिंतीशी सतरंजी टाकून ठेवायची, जेवताना त्यांना आपलं सामान समोर दिसलं पाहिजे. कुत्रं बरोबर असेल तर तेही येतं.

फोटो काढत नाही. देणगीदार मागतात, मी पातेल्याचा आणि भाकरीच्या चळतीचा पाठवते, जेवणाऱ्याचा नाही. प्रवचन नाही, पत्रकं नाहीत, पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, येतात ते जेवायलाच बसतात. गाणी मात्र होतात, तबला-पेटीवर मराठी नाताळगीतं, मग कुणी कानडी भजन म्हणतं, कुणी कव्वाली.

एका जेवणानं बेघरांचा प्रश्न सुटतो असं आम्ही म्हणत नाही. शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा सरकारी निकषच आहे, लाख लोकसंख्येमागं शंभर जणांची सोय असलेला एक निवारा, बारा महिने चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, म्हणजे त्या हिशोबानं निदान नऊ निवारे लागतात. हे नगरसेवकाला विचारायचं काम आपल्या सगळ्यांचं आहे आणि ते जानेवारीत, मार्चमध्ये, पावसाळ्यात करायचं असतं. पंगतीत ओळख झालेली असली की त्या माणसाला नाव घेऊन हाक मारता येते, आधार कार्डाच्या कामाला त्याच्याबरोबर जाता येतं. आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तो नंबर आम्ही प्रत्येकाला मोठ्या अक्षरात लिहून देतो.

तर पैशाचा हिशोब विचारलात तर काकांच्या पानाचा खर्च दाढीवाल्या बाबांच्या पानाएवढाच येतो, आणि माझ्या मते तो एकाच जेवणाचा खर्च आहे.

यंदा मदत करायची असेल तर जुने कपडे त्या दिवशी आणू नका, ते आम्ही वेगळे घेतो. पीठ, शेंगदाणे, लसूण चालेल, नवी चादर असेल तर फारच छान, सोलापुरात राहून चादर नाही असं व्हायला नको. तुमच्या गल्लीत कुणी एकटं असेल तर आत्ताच कळवा, दोन-तीनदा घरी जाऊन बोलल्याशिवाय ही माणसं हो म्हणत नाहीत. आणि तुम्ही स्वतः या, पण वाढायला पोरं भरपूर आहेत, बसायला माणसं कमी पडतात, म्हणून घरनं जेवून येऊ नका.