तिसऱ्याला घाई

स्मरणिकेसाठी लिही म्हणून ग्रुपवर तीनदा मेसेज आला तेव्हा कुठं आज बसलोय लिहायला. बाईंवर आणि सरांवर बाकीचे लिहितीलच, मला आपल्या लेझीम पथकातल्या सहावीच्या एका पोराबद्दल सांगायचंय. नाव टाकत नाही, त्याच्या घरी विचारलेलं नाहीये, पण २००९-१० च्या पथकातल्यांना लगेच कळेल.

मी तेव्हा नववीत, पथकाचा लीडर, म्हणजे गळ्यात शिट्टी असायची एवढंच. डिसेंबरात पीटीच्या सरांनी याला आणून माझ्या डाव्या हाताला उभं केलं. हा कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही आणि हलगी सुरू झाली की दोन्ही कानांत बोटं. आता कानांत बोटं घातल्यावर लेझीम धरणार कशी? आम्ही हसलो, मीपण हसलो, खोटं कशाला बोलू. सरांनी हलगीवाल्याला पार वडाखाली नेऊन बसवलं आणि याला म्हणाले, तू आधी नुसता बघ. आठ दिवस बघत होता, नवव्या दिवशी चार आवाज, पवित्रा, दोरुख, लेझमीचे सगळे प्रकार न चुकता. लेझमीच्या चकत्यांचा आवाज मात्र त्याला चालायचा, स्वतःच्या हातातला होता म्हणून असेल.

सरांचं "गुडघा वर, मान सरळ" त्यानं उचललं ते उचललंच. प्रार्थनेच्या रांगेत, नळावर, खिचडीच्या लाईनीत, कुठंही भेटला की नमस्काराच्या जागी तेच.

आणि मला रोज एकच वाक्य: "दादा, तू तिसऱ्याला घाई करतोस."

पहिले चार दिवस डोकं फिरलं, एक ठेवून द्यावी असं वाटायचं. मग चुलतभावाच्या मोबाईलवर शूटिंग करून घेतलं तर खरंच, तिसऱ्या ठोक्याला माझी लेझीम सगळ्यांच्या आधी वाजत होती, आणि मी लीडर म्हटल्यावर अख्खी रांग माझ्या मागं पळत होती. त्याच्या बोलण्यात ना टोमणा ना शहाणपणा, बाहेर पाऊस पडतोय म्हणावं तसं सांगायचा. माझी चूक मला अशी कुणी सांगितलीच नव्हती, आमच्या घरी एक तर आरडाओरडा नाहीतर कौतुक.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा शब्द आम्ही तोवर ऐकलाही नव्हता. त्याची आई अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी सांगलीला हेलपाटे घालायची. नंतर कळलं की १९९५ च्या अपंग कायद्यात ७ प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हताच, तो आला २०१६ च्या कायद्यात, २१ प्रकार झाले तेव्हा, तोवर हा शाळा सोडून गेलेला. म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आधी अख्खा सेट पाठ करणाऱ्या पोराच्या कागदावर 'मतिमंद' लिहून घ्यावं लागलं त्या माउलीला.

२६ जानेवारीला तहसीलच्या मैदानावर आमचा नंबर लागला, पहिला पवित्रा झाला आणि माईक असा काही किंचाळला की विचारू नका. हा लेझमीसकट पळाला, पाण्याच्या टाकीमागं. माझ्या डाव्या हाताला चुन्याचा ठिपका तसाच रिकामा. सरांनी लांबूनच हात केला, चालू ठेवा. सेटमध्ये एका जागी हलगी थांबते आणि नुसत्या लेझमी वाजतात, तिथं मला टाकीकडून एक लेझीम ऐकू आली, आमच्याच मोजणीत, एकटी. मी शिट्टी तोंडात धरून कान तिकडं लावला आणि तिसऱ्या ठोक्याला त्याच्यासाठी थांबलो, रांग माझ्यासाठी थांबली. वर बसलेल्या साहेब लोकांना काही कळलं नसणार.

नंतर कागदात दोन जिलेब्या घेऊन टाकीमागं गेलो. घामाघूम होऊन बसलेला, लेझीम मांडीवर. एक जिलेबी खाल्ली, बोटं चाटली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "शेवटच्या दोरुखला परत घाई केलीस."

केली होती.