भुतांचा धंदा, प्रलयाचा हिशेब : आमची वाटचाल

आम्ही फक्त दोन प्रकारची पुस्तकं काढतो : भुताखेतांची आणि जग बुडण्याची. कवितासंग्रह, पाककृती, आत्मचरित्र, कुणाच्या एकसष्टीचा गौरवग्रंथ, यांतलं काही नाही. तरीही अधूनमधून कुणीतरी कवितांची वही घेऊन कुडाळच्या आमच्या खोलीत येतंच. चहा पाजून, चार ओळींचं मनापासून कौतुक करून आम्ही वही परत देतो. दुकान एकाच मालाचं ठेवलं म्हणून टिकलं, असं माझं ठाम मत आहे. आमचं पुस्तक हातात घेणाऱ्याला एवढं ठाऊक असतं, की आज झोपेची खात्री नाही.

संस्था म्हणजे घरचीच माणसं. लिहिते मी. हिशेब आणि पार्सलं जाऊबाईंकडे, मुखपृष्ठ आणि रील पुतण्याकडे, गठ्ठ्यांची ने-आण नवऱ्याकडे. उद्यम नोंदणी एकल मालकीची, बँकेत चालू खातं, भिंतीला लोखंडी मांडणी. पावसाळ्यात कोकणात कागदाला बुरशी धरते, म्हणून मांडणीच्या खालच्या फळीवर काही ठेवायचं नाही आणि पंखा बंद करायचा नाही. एवढेच आमचे गोदामाचे नियम.

त्याआधी मी एका छापखान्यात डीटीपीला, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवायला होते. श्रीलिपी सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका, उत्तरकार्याच्या पत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि दशावतारी कंपन्यांची हँडबिलं. हँडबिलं करता करता त्यांच्या नाटकांना जायची सवय लागली. जत्रेच्या हंगामात दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. संवाद लिहिलेले नसतात. रंगपटात बसून कथानक ठरतं, कोणी कधी यायचं ते ठरतं, बोलणं ज्याचं त्याने रंगमंचावर करायचं. पहाटे तीनला पेंगायला लागलेल्या माणसाला जागं कसं ठेवायचं, हे मी तिथे बघितलं. राक्षस पडद्यामागून आरोळी देतो तेव्हा पोरं घाबरतात. आरोळी मध्येच थांबते तेव्हा म्हातारीसुद्धा पदर सावरून ताठ बसते. माझ्या प्रकरणांचे शेवट त्या थांबण्यावरून बेतलेले असतात.

पहिली कादंबरी धूमकेतूची. मुंबई बुडते, मंत्रालय पाण्याखाली जातं, हेलिकॉप्टरं घिरट्या घालतात. ती मी आधी प्रकाशकांकडे पाठवली. कुणी उत्तर दिलं नाही, कुणी 'भयकथेला आता वाचक उरला नाही' असं कळवलं. मला ते पटेना, कारण आमच्याजवळच्या सार्वजनिक वाचनालयात वेगळंच दिसत होतं. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मला एक जुनी भयकादंबरी काढून दाखवली. मूळ मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, कापडी पुठ्ठ्यात पुन्हा बांधलेली, पानांचे कोपरे हाताळून मऊ पडलेले. तारखांच्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवलेली आणि तीही भरत आलेली. शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'रात्री वाचू नये.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'वाचलं. पस्तावलो.' मराठीत भयकथा लिहिणारे नारायण धारप २००८ साली गेले, रत्नाकर मतकरी २०२० साली. वाचक उरला नव्हता असं नव्हे, त्याला नवं पुस्तक मिळत नव्हतं. मग मी स्वतःच छापायचं ठरवलं.

धूमकेतू हळूहळू खपला. मुंबई बुडाल्याचं लोकांना फारसं काही वाटलं नाही. ती दर जुलैत थोडी बुडतेच. चाल मिळाली ती दुसऱ्या पुस्तकाने, आणि त्याचं बी आमच्या जिल्ह्यातच पडलेलं होतं.

मालवण तालुक्यात आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत गावपळण होते. काही वर्षांनी एकदा, देवाचा कौल घेऊन, अख्खं गाव तीन दिवस नि तीन रात्री वेशीबाहेर जातं. म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. वेशीपलीकडे झापांच्या राहुट्या पडतात, चुली पेटतात, भजनं होतात, पोरांची चंगळ असते. आणि गावात चिटपाखरू नसतं. तीन दिवस झाले की पुन्हा कौल लावायचा आणि देवाने हो म्हटलं की घरी परतायचं. जगबुडीची कथा शोधायला मला आणखी कुठे जायचं होतं? रिकामं गाव तयार होतं, माणसं वेशीबाहेर तयार होती. मी एकच गोष्ट बदलली. माझ्या कादंबरीत तीन दिवस संपतात आणि कौल होत नाही.

चौथ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी नाही. तांदूळ संपत येतात. रात्री गावातल्या घरांत दिवे लागलेले दिसतात.

हे सुचलं त्याला दोन वर्षांची पार्श्वभूमी होती. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना शाळांत विलगीकरणात ठेवलं होतं. आपलाच मुलगा शाळेच्या व्हरांड्यात आणि आई फाटकाशी डबा ठेवून लांब उभी, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. माड आणि विजेचे खांब आडवे झाले, वीज गेली, पाठोपाठ मोबाइलची रेंज गेली. शेजारच्या वाडीत काय झालं ते कळायला माणूस पाठवावा लागत होता. जग संपताना स्फोट वगैरे होत असतील तर होवोत. आमच्याकडे आधी मोटार बंद पडते आणि विहिरीवर रहाट शोधावा लागतो. कादंबरीत ते जसंच्या तसं आलं.

गावाचं नाव मात्र मी खोटं ठेवलं आणि देवाचं घेतलंच नाही. लिहिण्याआधी गावपळण केलेल्या बऱ्याच मंडळींकडे जाऊन बसले. एका आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गो बाय, पण शेवटी माणसा घराक जातत मां?" मी म्हटलं, "आजी, ता पुस्तकातच वाचा." त्यांनी पुस्तक विकत घेतलं नाही, नातवाकडून वाचून घेतलं आणि मला निरोप पाठवला की शेवट बरा आहे, पण भजनाचा प्रसंग आटोपता घेतलाय. दुसऱ्या आवृत्तीत तो वाढवला.

आता हिशेब. डेमी आकार, आत सत्तर जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद, तीनशे जीएसएमचं कव्हर, मॅट लॅमिनेशन, परफेक्ट बाइंडिंग. पानं सोळाच्या फॉर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या जुडीत बसवायची. पाच पानं जास्त झाली तर फॉर्म्यासाठी नवी पानं लिहायची नाहीत, आधीची कापायची. त्यात पुस्तकाचं बहुधा भलंच होतं. पूर्वी हजाराची आवृत्ती काढायचा रिवाज होता. आम्ही तीनशे छापतो, संपत आली की पुन्हा तीनशे. दर प्रतीमागे खर्च चढा पडतो, पण पावसाळ्यात गठ्ठे राखत बसायचं नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही याचं सगळ्यांना कौतुक असतं. मात्र कागदावर आणि छपाईवर भरलेला कर आम्हाला वळता करून मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. वितरकाला द्यायची सूट चाळीस-पन्नास टक्के. ती देऊन पुढे पैशांची वाट बघण्यापेक्षा आम्ही थेट विक्रीकडे वळलो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्या देशात फुकट मिळतो, हे नव्या लेखकांना मी आवर्जून सांगते, कारण तो 'काढून देण्याचे' पैसे घेणारे लोक आहेत. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ग्रंथालयांना पाठवायची असते. म्हणजे आमचा देवचार, तळकोकणातलं राखणदार भूत, आता चारही महानगरांत पोचला आहे.

जाहिरातीला पैसा नव्हता. पहिल्या प्रकरणाची सोळा पानी पुस्तिका मात्र परवडली, एक फॉर्मा. ती मधोमध तोडली. वेशीवर उभा असलेला गुराखी गावातल्या आपल्याच घरातून कुणीतरी आपल्याला हाक मारताना ऐकतो, तिथे पान संपतं आणि खाली फोन नंबर. या पुस्तिका सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, एसटी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये ठेवल्या. गणपतीत कोकणकन्येने येणाऱ्यांच्या हाती स्टेशनाबाहेर दिल्या. आमचा खरा गिऱ्हाईक चाकरमानी आहे, हे तेव्हा कळलं. गावात राहणाऱ्याला भूत रोजचंच. डोंबिवली-विरारला वन रूम किचनमध्ये राहणाऱ्याला आपल्या आजोळच्या परसातला अंधार विकत हवा असतो. बाहेरगावच्या वाचकाला हडळ, खवीस, मुंजा, ब्रह्मसमंध ठाऊक असतात, चकवाही असतो. पण देवचार म्हटलं की तळकोकण-गोव्याचा माणूस लगेच विचारतो, "खंयचो?" कुठली राखण, कुठली वाट, हे सांगितल्याशिवाय त्याला भीती वाटत नाही. म्हणून आमच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर नकाशा असतो. पाणंद, वड, पाणवठा, वेस. पुतण्या तो हाताने काढतो.

वाचनालयं हा आमचा दुसरा पाया. त्यांची खरेदी बहुतेक मार्चच्या तोंडावर होते, कारण अनुदान तेव्हा हाती येतं. 'ड' वर्गाच्या लहान वाचनालयाला बिचाऱ्याला वर्षाकाठी फार पुस्तकं घेता येत नाहीत. त्यांना आम्ही एक प्रत घेतली तर दुसरी निम्म्या किमतीत देतो. भयकथेची एक प्रत फार काळ धड राहत नाही, हे ग्रंथपालांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, तिथे गाळा घेतला होता. खानदेशात आमचा देवचार कोण ओळखणार, अशी धाकधूक होती. नवऱ्याने टेबलावर काळं कापड अंथरलं, त्यावर फक्त नकाशे मांडले, पुस्तकं खाली. लोक नकाशा बघायला वाकायचे आणि मग विचारायचे. एका मास्तरांनी चष्मा वर करून विचारलं, "ताई, साने गुरुजींच्या गावात हे विकता?" मी म्हटलं, "गुरुजी, यात आईच शेवटी सगळ्यांना वाचवते." हसले आणि दोन प्रती घेऊन गेले. खोटं नव्हतं ते. आमच्या कादंबरीत खरोखर तसंच आहे.

व्यासपीठावर गेलं की ठरलेला प्रश्न येतो : तुम्ही अंधश्रद्धा पसरवता का? महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी किती वर्षं झगडावं लागलं हे मला माहीत आहे, आणि माझा त्या कायद्याला पूर्ण पाठिंबा आहे. भुताची गोष्ट सांगणं आणि भूत उतरवायचे पैसे घेणं यांत सरळ फरक आहे. पुस्तकाच्या शेवटी आमचा नंबर असल्यामुळे लोक फोन करतात. "वैनी, आमच्या सुनेच्या अंगात येतं, तुमच्या पुस्तकातला तो म्हातारा खरा असला तर पत्ता द्या." असा फोन आला की जाऊबाई पार्सल बाजूला ठेवून स्वतः बोलतात, कारण मला ते नीट जमत नाही. सून जेवते का, झोपते का, घरात तिच्याशी कोण बोलतं, असं विचारत विचारत त्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापर्यंत आणतात. दिवाळीच्या सुमारास एका ज्योतिषाने आमच्या पुस्तकात पानभर जाहिरातीसाठी चांगली रक्कम देऊ केली होती. छपाईचा निम्मा खर्च निघाला असता. घेतली नाही. आमचा म्हातारा मांत्रिक कथेत शेवटी स्वतःच पळून जातो, त्याच्या शेजारी ज्योतिषाचा फोटो कसा छापणार?

टपालाचं सांगायला हवं. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा आमच्यासारख्यांची कंबरच मोडली. थोडी प्रतीक्षा, थोडी कुरिअरची महागाई असं चाललं. मग मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, तीनशे ग्रॅमला वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर. ते शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे. पहिल्या दिवशी खिडकीवरच्या भाऊंनी पाकिटावरची कवटी बघितली, माझ्याकडे बघितलं. "यातलं हे कशात बसतं?" मी सांस्कृतिक म्हटलं. त्यांनी मागचा मजकूर वाचला, गावपळणीचं नाव दिसलं, आणि शिक्का मारला. आता नवं पुस्तक आलं की एक प्रत आधी त्यांना वाचायला हवी असते.

ई-पुस्तक काढतो, पण त्यावर घर चालत नाही. किंडलवर मराठी २०१६ च्या अखेरीपासून चालतं. पुस्तक फक्त त्यांच्याकडेच ठेवायचं कबूल केलं तर भारतात सत्तर टक्के मानधन, नाहीतर पस्तीस. आम्ही पस्तिसावर राहिलो, कारण ऑडिओ आणि मोबाइलवरच्या क्रमशः कथा यांची दारं मोकळी हवीत. अमेरिका-आखातातले मराठी वाचक मात्र ई-पुस्तकच घेतात; तिथून 'नकाशा मोठा करून दिसत नाही' ही तक्रार ठरलेली. पुतण्याने त्यासाठी नकाशाचे चार तुकडे केलेत.

सध्या छापखान्यात स्कायलॅब या अमेरिकेच्या अवकाश प्रयोगशाळेवरची कादंबरी आहे. मराठी घरांत प्रलयाच्या दोन आठवणी पक्क्या आहेत. एक फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही, मकर राशीत ग्रह जमले म्हणून ठिकठिकाणी यज्ञ झाले ती. दुसरी ११ जुलै १९७९ ची, ही स्कायलॅब कुठे पडणार म्हणून माणसं आभाळाकडे बघत बसली ती. ती पडली हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्सच्या नगरपालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड लावला. वाचकांना आठवणी कळवा म्हटलं तर पत्रांचा पाऊस पडला. उद्या जगच राहणार नाही म्हणून कुणी उधारी चुकती केली, कुणी तेवढ्यासाठीच केली नाही. एका काकांच्या वडिलांनी घरातला एकुलता एक कोंबडा कापला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरवणारं कुणी नव्हतं म्हणून अख्खं घर उशिरा उठलं. माझी कथा त्या घरात सुरू होते. उशिरा उठतात, दार उघडतात, आणि आळीत दुसरं कुणीच नसतं.

फॉर्मे तपासून झालेत, नकाशा तेवढा बाकी आहे. पुस्तक गणपतीच्या आधी येईल. मुंबईकरांनी गाडीचं आरक्षण करतानाच प्रत सांगून ठेवावी. गेल्या वेळी दोन्हींची वेटिंग लिस्ट लागली होती, आणि आमची चतुर्थीपर्यंत कन्फर्म झाली नव्हती.