आत्याच्या ट्रंकेतले शंख

आज दिवसभर मालवणला आत्याच्या ओटीवर बसून तिच्या शंख-शिंपल्यांच्या किमती ठरवल्या. चाळीस वर्षांचा संग्रह. आता तो जपणाऱ्या माणसाकडे जावा, अशी तिची इच्छा आहे.

आधी मी नुसता आकार आणि चमक बघत होतो. पण जाणकार संग्राहक पहिल्यांदा शंखाचा ओठ बघतात, म्हणजे तोंडाची कड. ती फुटली असेल, किंवा फूट लपवायला घासली असेल, तर भाव पडतोच. टोक शाबूत हवं, वार्निश नको. आतला जीव तोंड बंद करायला वापरतो ते मूळचं झाकण सोबत असेल तर फारच छान. आणि खरी मोलाची असते ती चिठ्ठी : कुठे मिळाला, कधी, किती खोल पाण्यात. आत्याने प्रत्येक शंखासोबत अशी चिठ्ठी ठेवलीय, काही तर एसटीच्या तिकिटामागे लिहिलेल्या! मला भरून आलं.

दुर्मिळपणाचा भरवसा मात्र नाही. ‘ग्लोरी ऑफ द सीज’ हा शंख एकेकाळी जगात मोजक्याच लोकांकडे होता. १९६९ मध्ये सॉलोमन बेटांजवळ समुद्रात बुडी मारणाऱ्यांना त्याचा अधिवास सापडला, पुढे किमती घसरल्या.

नॉटिलस हा गुंडाळीसारखा वळलेला शंख मी बाजूला काढला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, विकायचा प्रश्नच नाही. उद्या वनखात्यात जाऊन विचारणार.

संध्याकाळी आत्याने एक साधी पिवळी कवडी उचलून घेतली. “ही नको रे लावूस यादीत. तुझ्या आतोबांनी दिलेली आहे.”

यादीतून खोडली.