उजवा पाय ब्रेकवर

पोळ्याच्या रात्री आमच्या ऑर्थो वॉर्डात तो भरती झाला. चाळिशीतला माणूस, मोटरसायकल घसरून उजव्या नडगीचं हाड मोडलेलं. दुसऱ्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे पीडा घालवायला नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीमुळे महाल-इतवारीतले रस्ते बंद, अर्धा स्टाफ उशिरा पोचलेला, तरी दुपारी त्याच्या हाडात रॉड बसला. केसपेपरवर 'व्यसन : नाही' असं लिहिलेलं होतं. अपघाताची केस, एमएलसी म्हणजे पोलिसांसाठीची नोंद झालेली. अशा वेळी तोंडाला दारूचा वास आहे की नाही, हे नोंदवायचंच असतं. तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या कोऱ्या जागेचा मला अजून राग येतो.

तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास तो गाडी चालवायला लागला. पलंगावर, पडल्या पडल्या. डावा हात कठड्यावर, गिअर टाकल्यासारखा मागेपुढे. उजव्या हातानं स्टिअरिंग. "दार लाव रे, मागचं दार लाव," असं कोण्या पोराला ओरडायचा, मग हॉर्न वाजवायचा आणि मधूनच उजवा पाय करकचून खाली दाबायचा. आदल्या दिवशी रॉड घातलेला तोच पाय. ड्रेसिंगमधून रक्त पाझरायला लागलं होतं आणि त्याला दुखल्याचा पत्ता नव्हता.

त्याची आई दाराशी उभी होती. "मारबतीच्या दिवशी दवाखान्यात पडला माहा पोरगा, तिची पीडा याच्यावर बसली," म्हणत लिंबू आणायला निघाली. ऑर्थोचा रेसिडेंट आला, बघितलं आणि म्हणाला, "ऑपरेशननंतर होतं असं, सिस्टर. हॅलोपेरिडॉल द्या, हात बांधून ठेवा." हॅलोपेरिडॉल म्हणजे भ्रमात शांत करायचं औषध. पोरगा हुशार आहे, सलग ड्युटीनं पिचलेला होता हेही खरं. पण हाडाच्या वॉर्डात हाडापलीकडे बघायची सवय त्यांना कोणी लावतच नाही.

मोठं हाड मोडल्यावर चरबीचे कण रक्तात जाऊन मेंदूला त्रास होऊ शकतो, आणि तोही याच दोन-तीन दिवसांत. म्हणून आधी ते पाहिलं. ऑक्सिजन ९८, दम नाही, छातीवर किंवा काखेत लाल ठिपके नाहीत. पण नाडी १२८, बीपी १७०/१०४, अंगात ताप, उशी घामानं ओली. जीभ बाहेर काढायला लावली तर ती थरथरत होती. मध्येच स्टिअरिंग सोडून तो चादरीवरच्या मुंग्या वेचायचा. मुंगी एकही नव्हती. पूर्वी मेडिसिन वॉर्डात काम केलेलं असल्यामुळे हे चित्र मला पाठ आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की साधारण दोन ते चार दिवसांत हे होतं. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते, मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावायला शिकतो. दाब एकदम निघाला तरी जोर तसाच राहतो. या भ्रमात माणसं बरेचदा आपलं रोजचं काम करतात. गवंडी विटा रचतो, शिंपी सुई ओवतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात जीव जातो. आणि नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं तर फिट येण्याचा धोका वाढतो.

बायको जिन्याजवळ बसली होती. मी शेजारी बसले आणि पितात का, हे विचारलंच नाही. "ताई, शेवटची पोळ्याच्या संध्याकाळीच झाली ना?"

ती थोडा वेळ खाली बघत राहिली. "हाओ जी."

"रोज किती?"

"दोन पव्वे. इंग्लिश." आणि मग एकदम, "तिथं कशी सांगू जी? मालक उभा होता बाजूले. स्कूल व्हॅनवर आहेत थे."

अपघातानंतर त्याला दवाखान्यात आणणाराच गाडीमालक. त्याच्यासमोर, सासू-दिरांसमोर कॅज्युअल्टीत कोणीतरी मोठ्यानं विचारलं होतं, "पितो का हा?" तिनं सांगितलं, सुपारीही खात नाहीत. सकाळी मोठ्या डॉक्टरांनी तिला सगळ्या वॉर्डादेखत झापलं, नवऱ्याला मारायला निघाली होतीस म्हणून. मला ते अजिबात पटलं नाही. घराची एकुलती कमाई ज्या माणसाच्या हातात, तोच समोर उभा असताना ती दुसरं काय बोलणार होती? उत्तर खोटं येईल असाच प्रश्न आपण विचारतो आणि खोटं बोलली म्हणून तिलाच दोषी धरतो.

त्या रात्री मेडिसिनच्या मॅडम फोनवर ऐकून लगेच आल्या, याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. यावरचं खरं औषध लोराझेपाम. त्याचं इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि आमच्या वॉर्डात ते नसतं. वॉर्डबॉय मामा आयसीयूतून घेऊन आले. स्टँडवर ग्लुकोजची बाटली चालू होती, ती मी आधीच थांबवली होती. पिणाऱ्याच्या अंगात थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी उरलेलं असतं. ग्लुकोज जाळताना शरीर तेही वापरून टाकतं, आणि मग डोळ्यांची हालचाल आणि तोल बिघडतो, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. शुगर कमी असती तर ग्लुकोजला एक मिनिटही थांबवलं नसतं, पण ती १४२ होती. म्हणून आधी थायामिन शिरेतून, मग बाकीचं. लोराझेपाम पुन्हा पुन्हा द्यावं लागलं. पहाटे पाय ब्रेकवरून निघाला आणि तो झोपला. पुढे दोन दिवस भ्रम येत-जात राहिला. एक्स-रेत रॉड जागेवर होता.

घरच्या घरी दारू सोडवणाऱ्यांना हे कळत नाही. 'खोलीत कोंडलं, थेंब दिला नाही' असं अभिमानानं सांगणारे नातेवाईक मी पाहिलेत. रोज पिणाऱ्याची सोडवायचीच, पण डॉक्टरच्या देखरेखीत.

तो शुद्धीवर आल्यावर बायको मला म्हणाली, "रात्रीच घेतात जी. गाडीवर जाताना कधीच नाही." तिला ते मनापासून खरं वाटत होतं. मी कागद घेऊन दोघांसमोर बसले. पव्वा १८० मिलीचा, ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे एका पव्व्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दोन पव्वे १२०. पाणी कितीही घाला, आकडा तोच. लिव्हर तासाला ढोबळमानानं ७ ते १० ग्रॅम काढतं. रोज पिणाऱ्याचं थोडं जास्त काढेल, पण लिंबू, ताक किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. रात्री नऊला बसणारा माणूस सकाळी साडेसहाला व्हॅन काढतो. साडेनऊ तासांत १२० पैकी साधारण ६५ ते ९५ ग्रॅमच निघतं, बाकीचं अंगातच. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. कित्येक सकाळी तो तिच्या वर असणार. अंगाला सवय झालेली, त्यामुळे झोकांड्या जात नाहीत, मालकाला संशय येत नाही.

तो कागदाकडे बघत बसला. बायको हळूच म्हणाली, "सकाळी हात इतके थरथरतात, का कपबशी धरत नाहीत. मी स्टीलच्या गिलासात अर्धाच चहा देतो." बारा वर्षांच्या मुलीला हे सगळं माहीत आहे. ती अभ्यासाला शेजारी जाते आणि व्हॅनमध्ये बसायला नाही म्हणते. घरच्यांना वाटायचं, तिला वडिलांच्या कामाची लाज वाटते.

हेच माझ्या डोक्यातून जात नाही. पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हे मला पटतं. ती मालकापर्यंत जाईल या भीतीनंच तर बायको गप्प बसली आणि तो मरता मरता वाचला. पण त्या व्हॅनमध्ये बसणाऱ्या पोरांच्या आयांना काहीच माहीत नाही. पायामुळे निदान काही महिने तो गाडीवर बसणार नाही, एवढाच अवधी आहे. मानसोपचार विभागात त्याचं नाव घातलंय, पहिल्या दोन तारखांना दोघं येऊन गेले.

डिस्चार्जच्या वेळी बायकोनं विचारलं, गाडीवर कधी बसतील? सर म्हणाले, हाड जुळलं की. मी सरांना विनंती केली, फिटनेसच्या कागदावर मानसोपचारवाल्यांचीही सही मागू या. ते म्हणाले, तशी पद्धत नाही. नसेल. पण तो ज्या दिवशी तो कागद घ्यायला येईल, त्या दिवशी मी ओपीडीत त्याच्यासोबत आत जाणार आहे आणि हीच विनंती पुन्हा, त्याच्या समोर, त्याच्या परवानगीनं करणार आहे. परवानगी मागायला मी त्याला कालच फोन केला. तो म्हणाला, "बायकोले विचारून सांगतो, सिस्टर." मागून तिचा आवाज आला, "हो म्हणा."