"मी येतो पुण्याला"

7 डिसेंबर 2025, रविवार. रात्री साडेअकरा.

काल रात्री फोनवर तो म्हणाला, "मी येतो पुण्याला. कायमचा." आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता पुढचं वाक्य, "जेवलीस काय?"

लग्नाला दोन वर्षं सात महिने झाले. एवढ्या काळात आम्ही एका छपराखाली काढलेले दिवस मी मोजलेत. 171. त्यातले बरेचसे अर्धेच. शनिवारी पहाटे सांगली जिल्ह्यात विट्याला उतरायचं, रविवारी रात्री परत स्वारगेटची एसटी धरायची. इतके दिवस या एका वाक्याची वाट पाहिली आणि ते आलं तेव्हा मला आनंद झाला नाही. हे आजच लिहून ठेवते, कारण महिन्याभराने कुणी विचारलं तर मी सांगेन की झाला होता.

ऐकू न येणाऱ्या मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवणं हे माझं काम. दिवसभर आवाज ऐकून ऐकून कानाला सवयच लागलीय, शब्द कुठे उचलला जातो, कुठे गळतो ते टिपायची. "कायमचा" म्हणताना त्याचा आवाज शेवटच्या अक्षरावर खाली बसला. ऑक्टोबरात बागेतले घड मोजून आला तेव्हाही तो असाच बोलला होता.

ऑक्टोबरचं मी तेव्हा काही लिहिलंच नाही. आता लिहिते.

द्राक्षाची बाग वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी येते आणि साधारण 40 ते 60 दिवसांत तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. दिसतं ते थेट ऑक्टोबर छाटणीनंतर, डोळे फुटले की. या घडनिर्मितीला ऊन लागतं. आमची खरड छाटणी 8 एप्रिलची. यंदा मेच्या मध्यापासूनच पाऊस सुरू झाला आणि शेवटच्या आठवड्यात तर मान्सूनच महाराष्ट्रात दाखल झाला. म्हणजे ज्या दिवसांत ऊन हवं होतं, नेमके तेच दिवस ढगात गेले. त्या आठवड्यात मी इथे गॅलरीत उभी राहून त्याला फोनवर म्हणाले होते, "बरं झालं बाई, यंदा उन्हाळा लवकर सरला." तो गप्प राहिला. दोन वर्षं द्राक्षवाल्याच्या घरची सून असून मला त्या गप्प राहण्याचा अर्थ ऑक्टोबरात कळला.

छाटणी झाली, डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावली, डोळे फुटले. जिथे वेलीला तीस-पस्तीस घड धरतात तिथे चार, नाहीतर पाच. काही ठिकाणी नुसते गोळीघड, जे पुढे जिरून त्यांची बाळी, म्हणजे नुसता तणावा होतो. तीन एकरांतला एक एकर तर पूर्ण मोकळा. आणि घड नाहीत म्हणून बाग सोडून देता येत नाही. वेल जगवायची तर औषध मारायचं, पाणी द्यायचं, मजुरांना हजेरी द्यायची. सगळा खर्च, फक्त माल नाही.

त्याच्याबरोबर कृषी महाविद्यालयात असलेल्या मित्राने हडपसरच्या एका कंपनीत शब्द टाकलाय. 30 हजार पगार. ऑफिसात बसून शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे, कुठल्या अवस्थेत काय मारायचं ते सांगायचं. 1 जानेवारीला रुजू व्हायचं, बाग निम्म्या वाट्याने कुणाला तरी द्यायची.

म्हणजे नऊ ते सहा तो दुसऱ्यांच्या बागांविषयी बोलणार.

मी त्याला "बघू" म्हणाले. पहिल्यांदाच.


10 डिसेंबर, बुधवार.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची आई, जतची, आज वेळेच्या आधीच येऊन बसली होती. तिचा मुलगा सव्वाचार वर्षांचा. सरकारी योजनेतून त्याच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट हे ऐकण्याचं यंत्र बसवलं. शस्त्रक्रिया काही तासांची असते, पण नंतर त्या यंत्रातून येणाऱ्या आवाजाला अर्थ आहे हे मुलाला शिकवायला वर्षं लागतात. त्यासाठी ती चौदा महिने धनकवडीत एका खोलीत राहतेय. नवरा गावाकडे.

आम्ही प्रत्येक सत्राची सुरुवात सहा आवाजांनी करतो. आ, ई, ऊ, म, श, स. मी तोंडासमोर कापड धरून म्हणते आणि ऐकू आलं की मुलाने डब्यात मणी टाकायचा. "स" सगळ्यात नाजूक, बहुतेकांचा तो शेवटी पकडला जातो. आज त्याने "स"ला मणी टाकला. मी पुन्हा म्हटलं, त्याने पुन्हा टाकला. आईने तोंडावर पदर धरला.

सत्र संपल्यावर मी तिला विचारलंच. एरवी विचारत नाही, पण आज राहवलं नाही. "मुलाच्या वडिलांना इकडेच बोलवावंसं नाही वाटत?"

"आले होते की, ताई. चार महिने होते. एका सोसायटीत वॉचमन. पण घरात बोलायचेच बंद झाले. ड्युटीवरून आले की भिंतीकडं तोंड करून झोपायचे. मग मीच म्हटलं, जावा तुम्ही, म्हशी बघा. आता रोज रात्री तासभर बोलतात. पोरगं पण फोनवर त्यांचा आवाज ओळखतंय."

फोनवरचा आवाज ओळखणं अशा मुलांना फार अवघड जातं. तिला ते माहीत नसावं, ती सहज बोलून गेली. मी वहीत तारीख घालून नोंद केली आणि मग थोडा वेळ पुढच्या मुलाला आत बोलावलं नाही.

तिच्या नवऱ्याची आणि माझ्या नवऱ्याची बरोबरी होत नाही. त्याला रात्रपाळीची वॉचमनकी मिळाली, याला टेबल-खुर्ची मिळेल. पण गेली दोन वर्षं आम्ही दोघं, आमची दोन्ही घरं, एकाच प्रश्नाभोवती फिरतोय. कुणी कुणाकडे जायचं? माझी आई म्हणते जावई येतोय तर येऊ दे, नशीब समज. त्याचे काका म्हणतात सुनेने नोकरी सोडावी. मला आज वाटलं, हा प्रश्न नंतरचा. आधी हे विचारायला हवं की जो जाईल तो तिथे सकाळी आठ वाजता काय करेल. मी घरात आहे म्हणून कुणाची सकाळ भरत नाही. मी तर आठला घराबाहेर पडलेली असते.

आणखी एक भीती आहे, ती कुणाला सांगितली नाही. आज नाही, सात-आठ वर्षांनी, कुठल्या तरी क्षुल्लक भांडणात, गॅसचा नंबर लावला की नाही यावरून, तो म्हणेल, "तुझ्यासाठी बाग सोडली मी." आणि माझ्याकडे उत्तर नसेल. तो स्वभावाने तसा नाही. पण बाग गेलेला तो कसा असेल, हे मला माहीत नाही. त्यालाही नाही.


14 डिसेंबर, रविवार. गावाहून, दुपारी.

काल पहाटे विट्याला उतरले तेव्हा थंडी मी म्हणत होती. तो मोटरसायकल घेऊन उभा होता, नेहमीसारखा, माझ्यासाठी जास्तीचा स्वेटर घेऊन. वाटेत दोघंही त्या विषयावर बोललो नाही.

संध्याकाळी बागेत गेलो. मंडपाखाली उजेड जास्त होता. एरवी या दिवसांत पानांखाली वाकून चालावं लागतं, घड डोक्याला लागतात. काल मी सरळ चालत गेले.

तो मला हिशोब सांगत होता. वाट्याने कोण घेईल, गावच्या सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरायचं, वेळेत भरलं तर बिनव्याजी, नाहीतर नाही. हडपसरला खोली किती भाड्याने मिळेल. आणि हे सगळं सांगताना त्याचा उजवा हात वेलीवरून फिरत होता. बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातला जादा फुटवा, दिसली की अंगठ्याने खुडायची, पुढे सरकायचं, पुन्हा खुडायची. ज्या ओळीत एकही घड नाही त्या ओळीत. पूर्ण ओळ संपेपर्यंत त्याला कळलंही नाही की आपण काम करतोय. मी सांगितलं नाही.

रात्री भाकऱ्या करताना त्याच्या आईंना मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर "तुमचं तुम्ही बघा" म्हणतील. त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. मी ती इतक्या वर्षांत ऐकली नव्हती.

"माझा बा मुंबईला गिरणीत हुता. वर्सातनं दोनदा यायचा, जत्रंला आन् दिवाळीला. आय हितं रान बघायची. 82 साली संप झाला, तवा मी चौदा वर्सांची. संप काय मिटंना, तवा बा कायमचा घरी आला. आयला लई आनंद झाला, गावभर साखर वाटली तिनं. पर बा आला त्यो ओट्यावर बसला. रानातलं त्याला काय ठावं न्हाई, सगळं आयच्या हातात. आय म्हणायची, उठा की हितनं. पर उठून जायाचं कुठं?"

तव्यावरची भाकरी फुगली, ती त्यांनी हाताने उलटली. "तू त्याला बोलवू नगंस आसं न्हाई म्हणत मी पोरी. तुमचं वय हाय, तुम्ही एका जागी ऱ्हायला पायजे. पर त्याला आत्ता बोलवू नगंस. आत्ता त्यो पडलाय."

या भागातल्या किती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या असंच निभावलं. नवरा गिरणीत, बायको रानात. त्यांना कुणी विचारलंही नसेल की कुणी कुणाकडे यायचं. आम्हाला विचारलं जातंय, आम्ही ठरवू शकतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या चुलीसमोर मला जाणवलं.


16 डिसेंबर, मंगळवार.

आज आकडे मांडले. दोघांचा पगार, भाडं, कर्जाचा हप्ता. पैशाने जमतं. ओढाताणीने, पण जमतं. त्यामुळे पैशाआड लपता येणार नाही.

वाट्याने दिलेल्या बागेचं काय होतं, ते मात्र दोघांनाही ठाऊक आहे. ज्या वर्षी माल नाही त्या वर्षी वाटेकरी खिशातून औषधाचा खर्च कशाला करेल? एप्रिलपर्यंत काड्यांची दशा बघवणार नाही.

मी जायचं म्हटलं तर? मिरज-सांगलीला चौकशी केली. मिरजेत जुनी-नवी रुग्णालयं भरपूर, पण माझ्या कामाला पगार इथल्या निम्म्याच्या थोडा वर. एका ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस कुणी यायला तयार असेल तर हवं आहे म्हणाले. जतच्या आईला मिरज पुण्यापेक्षा कितीतरी जवळ, हा विचार आला. पण त्या विचाराच्या आधाराने मी खोटं लिहिणार नाही. मला पुणं सोडायचं नाहीये. इथे माझ्या हाताखाली अकरा मुलं आहेत, अडलं तर विचारायला वरच्या मॅडम आहेत, माझं नाव घेऊन लांबून लोक येतात. हे वाक्य लिहायच्या आधी तीन ओळी खोडल्या.

म्हणजे मी जात नाही आणि त्याला येऊ देत नाही. कुणी म्हणेल, मग लग्न कशाला केलं? त्याच्याशीच करायचं होतं म्हणून केलं. रात्री दहा वाजता फोन वाजला नाही तर मला झोप लागत नाही, म्हणून केलं.


21 डिसेंबर, रविवार.

बोलले. पाच दिवस घालवले, पण शेवटी बोलले.

"नको येऊस," मी म्हणाले. "कायमचा नको. आत्ता नको."

बराच वेळ काही आवाज नाही. मग, "मला वाटलं, तू खूश होशील."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. म्हणाले, मला तू रोज हवा आहेस. सकाळी चहाला हवा आहेस, ताप आला की हवा आहेस. पण तू बाग हरलास म्हणून येतोयस, माझ्याकडे येत नाहीयेस. येत्या एप्रिलची छाटणी घे. जुन्या वेलींचा एकर काढायचा असेल तर काढ, तू ठरव, घरी अण्णांना विचार. आणि छाटणीनंतर जूनमध्ये, बाग हातात असताना, तुला यायचं असेल तर मी स्वतः घर शोधीन. मी माझंही सांगितलं. माझ्याकडे शिकणारी दोन मुलं पुढच्या दिवाळीपर्यंत मोकळी होतील, त्यानंतर मी मिरजेचे दोन दिवस घेऊन बघते. यापुढचं वचन मागू नकोस, मला देता येणार नाही.

"आईनं सांगितलं काय तुला?"

"आईंनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं."

"आजोबांचं?" मग पुन्हा गप्प. "मी लहान असताना ओट्यावरच बघितलंय त्यांना कायम." एवढं बोलून "ठेवतो" म्हणाला.

वाटलं, दुखावला. दुखावलाच होता. मी भांडी घासली, ओटा पुसला, पुन्हा पुसला. वीस मिनिटांनी फोन आला.

"यंदा माल नाही म्हणजे काढणी नाही," तो म्हणाला. "फेब्रुवारी-मार्च मी मोकळाच हाय. औषधं अण्णा आणि गडी बघतील. येऊ काय? एप्रिलच्या छाटणीपर्यंत राहतो, मग जातो की परत."

दोन महिने. आमच्या त्या मोजलेल्या दिवसांत आम्ही सलग कधी नऊ दिवसांहून जास्त राहिलेलो नाही.

मी हो म्हणाले. मग तो भराभर बोलायला लागला, तसा तो ऑक्टोबरपासून बोलला नव्हता. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात जायचंय, तिन्ही एकरांची माती आणि विहिरीचं पाणी तपासून घ्यायचंय, जुना एकर काढला तर तिथे काय लावायचं ते तिथल्या लोकांशी बोलायचंय. माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून एसटीनेच आणणार आहे.

"तुझ्या गॅलरीत पिशव्या ठेवायला जागा हाय काय?"

आहे म्हणाले. फोन ठेवल्यावर गॅलरीत जाऊन तिथली फुटकी कुंडी आणि जुनी बादली बाजूला केली, कोपरा झाडून घेतला. फेब्रुवारीला अजून बेचाळीस दिवस आहेत.